नाव शेवटी घ्यायचं

आमच्या इंडियानात पक्षाच्या सभेत उमेदवार सुचवणारा वक्ता त्याचं नाव अगदी शेवटच्या वाक्यात घेतो. तोवर नुसतं ‘असा माणूस, की ज्याने...’ चालू. उमेदवाराने स्वतः सभेला जायचं नसतं. जवळपास कुठेतरी बसून, आपल्याला काहीच ठाऊक नाही असा चेहरा करायचा असतो.

एमेट ट्रास्क वकील तो चेहरा सभागृहासमोरच्या न्हाव्याच्या खुर्चीत बसून करत होता. मी, गावच्या साप्ताहिकाचा संपादक, शेजारी. खासदार होऊन वॉशिंग्टनला जायचं तिकीट एमेटने दरवेळी दुसऱ्या कुणासाठी तरी सोडलं होतं. यंदा पक्षाने शब्द दिला होता.

नाव सुचवणार होता त्याचा बालमित्र वॉल्डो पिंकनी. भाषण मात्र एमेटनेच लिहिलेलं. आपली स्तुती दुसऱ्यावर सोडण्याइतका तो भोळा नव्हता.

उघड्या खिडक्यांतून वॉल्डोचा आवाज रस्ता ओलांडून आला. “असा माणूस, की ज्याने महापुरात उडी घेऊन बुडत्या मित्राला काठावर आणलं!”

“तो बुडता वॉल्डोच,” एमेट साबणाच्या फेसातून म्हणाला. “इथे त्याने रडायचंय.”

वॉल्डो रडला. सभा हेलावली.

“हलू नका, वकीलसाहेब,” न्हावी म्हणाला. “खासदार व्हायच्या आधी कान जाईल.”

“आणि तो माणूस म्हणजे... डेल्बर्ट क्रेन!”

एमेटने आणवलेला बँड वाजू लागला. क्रेन रेल्वे कंपनीचा वकील. गुडघाभर पाण्यालाही घाबरायचा.

वस्तरा थांबला. एमेटने मला विचारलं, “तूही तेच ऐकलंस ना?”

“तेच.”

एमेटचं नाव कुणी घेतलंच नाही, त्यामुळे त्याला मतंही पडली नाहीत. थोड्या वेळाने वॉल्डो स्वतःच दुकानात आला.

“एमेट, चल रे. निवड एकमताने व्हावी, हा ठराव नाराज माणसाने मांडायची रीत आहे. लोक थांबलेत.”

“तुला काय देतायत?”

“क्रेन निवडून आला, की गावची पोस्टमास्तरकी. घरात किती खाणारी तोंडं आहेत, तुला ठाऊकच आहे.”

“मी तुला पुरातून काढलं, तेव्हा नव्हती ती तोंडं?”

“तेव्हा मी एकटा होतो.”

अर्धी दाढी झालेला एमेट रस्ता ओलांडून गेला आणि त्याने ठराव मांडला. पक्ष म्हटला की हे आलंच. अनुमोदन वॉल्डोने दिलं. देताना तो पुन्हा रडला.

या वेळी कुठे रडायचं, ते एमेटने लिहून दिलेलं नव्हतं.