चपलांपुरतं बी

बारावा दिवस उजाडला तरी वाफ्यात काही दिसेना. डुकरांना खायला घालून झालं की न्यिया रोज घरामागे जायची, उकिडवी बसायची आणि मातीकडे बघत राहायची. पलीकडे दगडांच्या खोबणीत पेरलेला मका बोटभर वर आला होता. भांगेच्या वाफ्यात मात्र गवताची काडीसुद्धा नव्हती.

भांग म्हटलं की खाली शहरातल्या लोकांना भलतंच काहीतरी सुचतं. डोंगरावरच्या म्हाँग जमातीच्या बायकांना विचारा, भांग म्हणजे कापड. दाट पेरायची, माणसाच्या वर जाऊ द्यायची, साल सोलायची, सूत काढायचं. काम इतकं की नशा करायला सवड कुणाला! आणि माणूस गेलं की त्याच्या अंगावर भांगेचं काहीतरी हवंच, नाहीतर पलीकडचे पूर्वज त्याला ओळखत नाहीत. बाकी काही नसलं तरी पायांत चपला हव्यात. वाटेत सुरवंटांचा डोंगर लागतो, तो अनवाणी कोण ओलांडणार?

न्यियाच्या सासूने, झुआने, आपली ही सगळी तयारी पन्नाशीतच उरकून पेटीत ठेवली होती. पण तीन वर्षांपूर्वी तिची लेक नू बाळंतपणात गेली. तिशीतली पोर ती, तिने कुठे मरणाचे कपडे विणून ठेवलेले असणार? झुआने पेटी उघडली, स्वतःचा घागरा आणि चपला लेकीला घातल्या आणि रिकामी पेटी मिटून टाकली. त्यानंतर तिने चरख्याला हात लावला नाही, की भांग पेरायचं नाव काढलं नाही. आता ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती आणि हिवाळ्यापासून तिचा खोकला हटत नव्हता. एका संध्याकाळी मक्याच्या पिठाचा घास गिळता गिळता ती म्हणाली होती, "यंदा भांग पेरू. घागरा-बिगरा नको मला. चपलांपुरतं सूत निघालं तरी पुरे."

म्हणून न्यियाने बी साठवायच्या वाळक्या भोपळ्यातलं अर्धं बी काढून पेरलं होतं. त्याला आज बारा दिवस झाले.

"काय गं, माती राखत बसलीस होय?" कुंपणापलीकडून शेजारच्या येर मावशीने हाक दिली.

"बी रुसलंय, मावशी."

"बी कुठलं रुसतंय! रुसतात त्या सुना."

"तुमच्याकडे मूठभर असलं तर द्या ना."

"आमच्याकडे कुठून येणार? दहा वर्षं झाली, बाजारातलं कापड नेसतोय आम्ही. या अख्ख्या उतारावर भांगेचं बी असलं तर तुझ्या सासूच्या भोपळ्यात. तिच्या आईच्या घरून आलेलं आहे ते. हरवू नकोस हो."

न्यियाचं तोंड उतरलं. पेरणीचे दिवसही संपत आले होते. डोंगरापलीकडच्या गावात जाऊन बी शोधावं, तर तोवर वेळ निघून गेली असती.

दुपारी ती दारूच्या भट्टीपाशी गेली. रविवारच्या बाजारासाठी आठवड्यातून दोनदा ती मक्याची दारू गाळायची, आणि तिच्या दारूला गिऱ्हाईकही चांगलं होतं. भट्टी पेटवली, पिंपातून वाफ निघू लागली. बी काढावं म्हणून तिने वरच्या आढ्याकडे हात नेला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. भोपळा भाजलेल्या रताळ्यासारखा गरम होता.

तो इथे तिनेच टांगला होता. जुन्या घरात तो चुलीच्या वर उंच लोंबायचा. मंद धूर लागायचा, त्यामुळे किडा लागत नसे. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याने, लेंगने, नवं घर बांधलं आणि त्यात धूरच राहिला नाही. न्यियाने विचार केला, बियाला धूर हवा ना, मग भट्टीवर हवा तेवढा धूर आहे. धुराचा विचार केला, वाफेचा नाही केला. आगीतून काढून फुफाट्यात म्हणतात, तसंच झालं. दोन वर्षं ती सासूच्या चपला आठवड्यातून दोनदा शिजवत होती.

"तुझ्या आईचं बी मी शिजवलं," संध्याकाळी तिने लेंगला सांगितलं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. "मग सांग की तिला."

"तू सांग."

"मी? मला अजून जगायचंय."

कुणीच सांगितलं नाही. सांगावं लागलंही नाही, कारण दुसऱ्या दिवशी झुआच म्हणाली, "वाफ्याला दोष देऊ नकोस. उरलेलं बी आण."

न्यियाने भोपळा सुपात उपडा केला. झुआने झाकण नाकाशी नेलं, मग बाजूला ठेवलं आणि दाण्यांवर हात फिरवत निवडायला बसली. फिकट, हिरवट दाणे एकीकडे. ते कच्चेच काढलेले, त्यांचा उपयोग नाही. काळपट, ठिपक्यांचे, बोटांत दाबले तरी न फुटणारे दुसरीकडे. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं तरी तिची बोटं चुकत नव्हती. न्यियाही शेजारी बसून निवडू लागली.

"आता पाणी. किती गरम, ते कोपर बुडवून बघ. गरम आहे की नाही हा प्रश्न पडला पाहिजे, एवढंच."

पाण्यात दाणे टाकले तसे बहुतेक वर तरंगले.

"लगेच सुतकी तोंड नको करूस. कोरडं बी आधी तरंगतंच. बोटाने दाब आणि संध्याकाळपर्यंत थांब. तेव्हाही वर राहिलं, तर ते कोंबड्यांचं."

संध्याकाळी तळाशी शंभरेक दाणे उरले. झुआने ते जाडसर वाळूत घालून तळव्यांमध्ये हलकेच चोळले. जुन्या बियांचं कवच घट्ट होतं, जरा खरवडलं की पाण्याला वाट मिळते. मग एक मऊ फडकं भिजवून न्यियाला पिळायला लावलं.

"आणखी पीळ. थेंब पडता कामा नये. बी तहानलेलं असतं, पण बुडवलं की गुदमरतं. दोन्ही सांभाळावं लागतं."

दाणे फडक्यात गुंडाळून पुरचुंडी झाली. आता ती ऊब असेल तिथे ठेवायची. न्यियाने चुलीकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं.

"चूल नको," झुआ म्हणाली. "अंगाची ऊब लागते. माझी आई कमरेला बांधायची, मीही तेच करत आले. पण माझं अंग आता गार पडलंय. तुझ्या पोटाशी ठेव."

"किती दिवस, आई?"

"पोटातल्या पोराला विचारतं का कुणी, कधी येतोस म्हणून?"

न्यियाने पुरचुंडी कमरपट्ट्याच्या आत पोटाशी बांधली. सकाळ-संध्याकाळ फडकं सोडायचं, वारा लागू द्यायचा, ओल कमी वाटली तर बोटाने पाणी शिंपडायचं. पाठीवर ओझं घ्यायचं तेही बेताने, झोपायचं तेही उताणं. भट्टी तिने त्या दिवसांत पेटवलीच नाही.

"कितवा महिना?" लेंगने विचारलं.

"गप्प बस. तुझ्यावर गेलं तर उगवायचंच नाही."

तिसऱ्या दिवसापर्यंत काही नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी फडकं सोडलं, तर एका दाण्याला चीर पडून त्यातून पांढरं टोक बाहेर आलं होतं. तांदळाच्या कणीएवढंच. न्यियाने दोनदा पाहिलं आणि धावत घरात गेली. तिने काही सांगायच्या आत झुआने हात पुढे केला, फडक्यावर बोट अलगद टेकवलं आणि म्हणाली, "आलं."

सहाव्या दिवसापर्यंत एकतीस दाण्यांना मोड आले. बाकीचे मऊ पडून कुजले. झुआने सांगितलं तसं न्यियाने एकेक उचलून लावलं. मुळीला बोट न लावता, मुळी खाली करून, नखाएवढं खोल, वर भुसभुशीत माती. दाबायचं नाही. चार कोंब येरच्या कोंबड्यांनी खाल्ले, त्यावरून दोन घरांत दोन दिवस बोलणं बंद होतं. मग लेंगने बांबूचा डालगा विणून वर पालथा घातला. सत्तावीस रोपं जगली.

अख्खा उन्हाळा न्यियाने ती रोपं मोजण्यात घालवला. गुडघ्यापर्यंत आली, कमरेपर्यंत आली, तिच्या डोक्यावर गेली. त्यांच्याबरोबर झुआचा खोकलाही वाढत होता. रात्री तो ऐकू आला की न्यिया मनात म्हणायची, थांबा आई, थोडं थांबा, चपला होऊ द्या. सत्तावीस ताटांचं सूत म्हणजे दोन चपला, त्याहून वीतभरही जास्त नाही. एक ताट वाया गेलं तरी परवडणार नव्हतं.

मग बारा ताटांना पिवळसर फुलोरा आला. ती नर. वाऱ्याबरोबर त्यांची भुकटी उडू लागली. काही दिवसांनी न्यियाने विळ्याला धार लावली आणि सासूला हाताला धरून वाफ्यापाशी आणलं. आज कापलं तर सगळ्यांचंच सूत मऊ निघणार होतं.

"नर काढ," झुआ म्हणाली. "त्यांचं काम झालं. माद्यांना हात लावू नकोस."

"आई, बी धरेपर्यंत थांबलं तर त्यांची सालं लाकडासारखी होतील. सूत निघायचं नाही."

"मला शिकवतेस?"

"नुसत्या बारा ताटांत एकच चप्पल होईल!"

"होऊ दे. बी पाहिजे. हे कापलंस तर या उतारावर भांग संपली."

"बी मी कुठूनही आणीन. पुढच्या वर्षी डोंगरापलीकडे जाईन, लागेल तेवढं चालेन. पण यंदा तुमच्या चपला होऊ द्या. तुम्ही खोकता ते ऐकते मी." तिचा आवाज चढला. "आई, त्या झाल्याच पाहिजेत!"

झुआ वाफ्याच्या कडेला दगडावर बसली. थोडा वेळ दम खात राहिली.

"चपला मला हव्यात की तुला?"

न्यिया विळ्याची धार अंगठ्याने चाचपू लागली.

"झाकण नाकाशी नेलं तेव्हाच दारूचा वास आला मला. तू कुठे टांगला होतास, ते काय कळत नाही होय? म्हातारी झालेय, नाक अजून आहे."

विळा न्यियाच्या हातात तसाच राहिला. तीन महिने पोटात ठेवलेलं रडं एकदम बाहेर आलं. "माझ्यामुळे गेलं सगळं. तुम्ही अनवाणी गेला असतात. मला वाटलं धूर लागेल... तुम्ही बोलला का नाहीत, आई?"

"बोलून ते उगवलं असतं? आणि चूक एकटी तुझी नाही. दोन वर्षं मी त्या भोपळ्याकडे मान वर करून बघितलं नाही. नू गेल्यावर मला काही पेरावंसंच वाटेना. वेळेवर पेरलं असतं तर तुझ्या भट्टीपर्यंत पोचलंच नसतं ते." तिने डोळे पुसले. "आता रडणं पुरे. नर काढ, उन्हं चढताहेत."

न्यियाने बारा ताटं काढली. पंधरा उभी राहिली.

पाऊस सरेपर्यंत सालं वाळली, सोलली, कांडली, राखेच्या पाण्यात उकळली. सूत झुआने स्वतः वळलं, पायाने चालवायच्या चरख्यावर ती पुन्हा बसली तेव्हा लेंग दारात उभा राहून बघत होता. विणकाम न्यियाने केलं. त्याच सुमारास माद्यांच्या बोंडांत बी भरलं. झोडपून पाखडलं तर सूपभर काळपट, ठिपक्यांचे दाणे निघाले. येर मावशी वाटी घेऊन आली, आणि कोंबड्यांचा विषय न काढता न्यियाने ती भरून दिली.

चप्पल एकच झाली, उजव्या पायाची. झुआने ओसरीवर बसून ती चढवली, उभी राहिली, चार पावलं चालून पाहिली. एका पायात भांगेची चप्पल, दुसऱ्यात बाजारातला रबरी बूट.

"बसली छान," ती म्हणाली. "पण एका चपलेवर डोंगर चढायचा तर लंगडी घालत जावं लागेल. माझ्या आईने बघितलं तर हसेल. दुसरी होईपर्यंत आता जाता येत नाही."

न्यिया तिच्या पायाशी बसून चपलेचा बंद सोडवत होती. सगळा उन्हाळा जी चप्पल कधी एकदा पुरी होते असं तिला झालं होतं, तिची जोडी लवकर व्हावी असं आता तिला मुळीच वाटत नव्हतं.

"दुसरी मी सावकाश विणीन, आई."

"किती सावकाश?"

"खूप. वर्षाला एक-दोन ओळी."

झुआ खोकली, की हसली, नीट कळलं नाही. मग तिने सुनेच्या डोक्यावर हात ठेवला.

"आळशी सून पदरात पडली," ती म्हणाली. "नशीब माझं."