टाकीचा पट्टा

अंबडच्या आमच्या कारखान्यात पिकअप गाड्यांची डिझेलची टाकी आवळून धरणारे पट्टे तयार होतात. लोखंडाचे, वर राखाडी कोटिंग. मिठाचं पाणी फवारून ते गंजतात का बघायचं, हे माझं काम. स्टेनलेस स्टील कशाला, आपलं कोटिंग पुरतं, म्हणून वर्षभर मी साहेबांशी भांडतेय. आणि आता देवळ्याहून तक्रार आली, पट्टा गंजून तुटायला आलाय. साहेब म्हणाले, "दोष काहीही निघो, तुम्ही अहवालात लिहाल ते मान्य. पण स्टेनलेस लिहिलंत तर कोटिंगचा विभाग बंद."

त्या विभागात सहा माणसं. त्यातला गोटीराम फाटकापर्यंत आला. "वल्लरी मॅडम, सांभाळून घ्या." जसा काही गंज माझा मावसभाऊच, माझं ऐकायला.

देवळ्याला पोचेपर्यंत हाडं खिळखिळी झाली. गाडीमालक सावळीराम कांदा वाहतात. मी गाडीखाली वाकले. कोटिंग सोललं नव्हतं, झिजलं होतं. वर बारीक ओरखडे, आपल्या पातेल्यांवर असतात तसे.

"गाडी कोण धुतं?"

"मी." सावळीरामांच्या पत्नी मालनबाई पदराला हात पुसत पुढे आल्या. "रोज तारेच्या घासणीनं. लय निगा राखते. लेकरावानी."

मला हसूच फुटलं. दोष आमच्या कोटिंगचा नव्हता! तिथूनच गोटीरामला फोन लावावासा वाटला. "काकू," मी म्हटलं, "घासल्यानं वरचा थर जातो. नुसतं पाणी मारत जा."

त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजी मीच गंजवली का गाडी?" मग जरा थांबून म्हणाल्या, "पर ताई, सडक्या कांद्याचं पाणी गळतं खाली. घासल्याबिगर वास जात नाय. मी थांबंन. बाकीच्या बायांना कोन सांगंल?"

पलीकडच्या खळ्यात तीन पिकअप उभ्या होत्या. मी एकेकीखाली वाकले. तिन्ही पट्टे घासून चकचकीत, आणि कडांना तांबूस रेघ सुरू झालेली. वर भरलेल्या टाक्या. मिठाचं पाणी मी वर्षभर फवारलं, पण रोज सकाळी भांडी घासूनही मला घासणी कधी सुचली नाही. माझाच राग आला मला.

परतताना गोटीरामचा फोन आला. "मॅडम, कोटिंग चांगलं निघालं ना?"

"चांगलं निघालं."

"मग वाचलो म्हणा की!"

बोलायचं जिवावर आलं होतं, पण त्याला हे दुसऱ्या कुणाकडून कळू द्यायचं नव्हतं. "गोटीराम, लोक गाडी घासणारच. पट्टा तुटेल. मी स्टेनलेस लिहिणार आहे."

पलीकडे मशीनचा आवाज येत होता.

"बरं," तो म्हणाला. "चांदवडच्या घाटात ट्रक लय असत्यात. सांभाळून या, मॅडम."