नबातला लागलेली नजर

तुरगुनबायना कोकंद शहरात सगळे ‘दोमला’ म्हणत, म्हणजे मास्तर. तरुणपणी ते कॉलेजात वैज्ञानिक निरीश्वरवाद शिकवत. ताईत, गंडे, दृष्ट, धूप यांच्याविरुद्धची त्यांची व्याख्याने ऐकता ऐकता माणसे झोपी जात आणि जाग आल्यावर खिशातला ताईत चाचपून बघत. मग एके सकाळी रशियाची राजवट गेली, देश बदलला, विषय रद्द झाला आणि दोमलांना अध्यात्म व नीती शिकवायला सांगण्यात आले. त्यांनी त्याच फळ्यावर, त्याच आवाजात तेही शिकवले. मुले पूर्वीइतक्याच शांतपणे झोपली.

स्त्रीस्वातंत्र्याचा धडा मात्र दोन्ही अभ्यासक्रमांत होता आणि तो दोमलांना तोंडपाठ होता. म्हणून एकुलती मुलगी ओयदीन नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आली, तेव्हा त्यांनी तिच्यापुढे चहा ठेवला आणि विचारले, “मोहल्ला काय म्हणेल?” मोहल्ल्याने अजून काहीच म्हटले नव्हते. ओयदीन चहा प्यायली, थोडे दिवस वडील आणखी काही बोलतात का याची वाट पाहिली, आणि रशियात एका शिवणकारखान्यात निघून गेली. मागे राहिली काचेची टाकी, तिच्यातला झुपकेदार शेपटीचा सोनेरी मासा आणि एक सूचना: “बाबा, टाकीत काहीही टाकू नका.”

माशाचे नाव नबात, म्हणजे खडीसाखर. दर रविवारी ओयदीनचा व्हिडिओ फोन येई.

“नबात दाखवा.”

दोमला फोन टाकीसमोर धरत. बापलेकीचे एकमेकांशी बोलणे नव्हते. मासा मध्ये होता म्हणून निभत होते.

“जेवलास का रे?” ती माशाला विचारी. “बारीक दिसतोस.”

“जेवलो,” दोमला फोनच्या पाठीमागून म्हणत. ती ऐकले न ऐकलेसे करी. तरी ते उत्तर त्यांनी एकाही रविवारी चुकवले नाही.

आता किटलीचे. दोमलांच्या दिवंगत बायकोची रिश्तान गावची निळी चिनीमातीची किटली कधीतरी तडकली होती आणि तिकडच्या रिवाजाप्रमाणे तारेचे टाके घालून सांधली होती. टाके घातलेली वस्तू फेकत नाहीत. एवढा खर्च करून सांधली, ती काय फेकायला? पण किटली गळायला लागली. जिथे आतही पाणी आणि बाहेरही पाणी, तिथे गळक्या किटलीला कोण नावे ठेवणार, असा शास्त्रशुद्ध विचार करून दोमलांनी ती टाकीत ठेवली. नबात कुतूहलाने आत शिरला. बाहेर निघताना तारेच्या सुटलेल्या टोकात अडकला आणि धडपडून सुटला तो डाव्या कुशीची खवले आणि निम्मी शेपटी फाडून घेऊनच.

त्या रविवारी दोमलांनी फोन असा धरला की नबातची उजवीच बाजू दिसावी. मासा वळला की फोनही वळे.

“बाबा, तो एकाच बाजूनं का दिसतोय?”

“लाजतो.”

“बाबा.”

“किटली,” दोमला म्हणाले.

पलीकडून शिवणयंत्रांची घरघर ऐकू आली. आता फोन बंद होणार, कायमचाच, असे दोमलांना वाटले. मग ओयदीन म्हणाली, “घरात मीठ आहे? खड्याचं. आणि आईची ती मुलाम्याची परात काढा.”

नबात परातीत गेला. आदल्या दिवशी भरून ठेवलेले पाणी, त्यात तोलून मीठ, हवेच्या पंपाची नळी, वर अंधारासाठी फडके. पाणी रोज बदलायचे, म्हणून फोनही रोज यायला लागला. मरायला टेकलेल्या माशाने जे केले ते धडधाकट असताना त्याला जमले नव्हते, हे दोमलांच्या ध्यानात आले. त्यांनी ते कुणाला सांगितले नाही.

“फडकं काढा. जखम कशी आहे?”

“गुलाबी.”

“गुलाबी चांगली. पाण्यात हात घालण्याआधी साबण नाही ना लावलात?”

“मी शिकलेला माणूस आहे.”

“म्हणून तर विचारते.”

आणि ती हसली. दोमलांनी ते हसू ऐकले आणि फोन हातात तसाच धरून उभे राहिले.

फाटलेल्या शेपटीला काचेसारखी पातळ नवी कड फुटू लागली, तेव्हा ओयदीन म्हणाली, “नवरोजला यावं म्हणते. बघून जाईन त्याला.” थोड्या वेळाने म्हणाली, “तुमचं तोंड कधी दाखवत नाही तुम्ही.”

“दाढी वाढलीय.”

“मग करा की.”

दोमलांनी दाढी केली. पण त्याच आठवड्यात थंडी पडली, गॅसचा दाब उतरला, भिंती गारठल्या. नबातच्या कुशीवर कापसासारखी पांढरी बुरशी चढली. तो परातीच्या तळाशी आडवा पडला. ओयदीनने सांगितले ते सगळे दोमलांनी केले: परात शेगडीजवळ ओढली, मीठ वाढवले, औषधासाठी बाजार पालथा घातला. बाजारातला मासेवाला म्हणाला, “दोमला, नवा घ्या. दुखणाईत सासऱ्यालाही लोक एवढं जपत नाहीत.”

ओयदीनचा फोन आला की दोमला फडके काढून परातीचा तळ दाखवत.

शेजारच्या खोसियत-ओपा, म्हणजे खोसियतताई, नानची चळत घेऊन आल्या, परातीत डोकावल्या आणि मान हलवली. “नजर लागलीय. रोज उठून परदेशात दाखवता त्याला. मधे किती जणांनी पाहिलं असेल.”

“ओपा, उभा जन्म मी याच्याविरुद्ध शिकवलं.”

“शिकवलंत ना? मग गेली का नजर जगातनं?”

पूर्वी उत्तर नसले की दोमला व्याख्यान देत. आज त्यांनी नबातकडे पाहिले. त्याचा कल्ला उघडत होता, मग बराच वेळ उघडत नव्हता.

“आणा तुमचा धूप,” ते म्हणाले.

ओपांनी तव्यावर निखारे घेतले, वर वाळलेल्या इसिरिकचा पाला टाकला. त्या बाजूला तान्हे बाळ शिंकले तरी हाच धूर करतात. ओपा पुटपुटत परातीभोवती तवा ओवाळू लागल्या.

“जरा जास्त घाला,” निरीश्वरवादाचे निवृत्त प्राध्यापक म्हणाले.

कोकंदच्या वाऱ्याला भिऊन खिडक्यांच्या फटी कापूस कोंबून, वर कागद चिकटवून बंद केलेल्या होत्या. धूर जाणार कुठे? तो खोलीत ठाण मांडून बसला. ओपांनी तवा भिंतीशी टेकवला, डोळे पुसले आणि “आता बघा” म्हणून समाधानाने घरी गेल्या.

दोमला बघत बसले. परातीत बुडबुडे वर येत होते, फुटत होते, आणि फुटताना प्रत्येक बुडबुडा धुराची एक बारीक शेंडी सोडत होता. दोमलांनी त्या शेंड्या आधी नुसत्याच पाहिल्या. मग त्यांची नजर नळीवरून मागे मागे गेली. पंप भिंतीशी होता, तव्याला लागून. सगळा धूर ओढून तो इमानाने पाण्यात सोडत होता.

त्यांनी पंपाची वायर उपटली. नखांनी कागद फाडून खिडकी उघडली. परातीतले पाणी ओतून ताजे भरले, त्यात बोटांनी नबातला पुढे-मागे चालवले, मूल चालवतात तसे. कल्ला उघडला नाही. ओंजळीत घेऊन दिव्याखाली धरला, तेव्हा शेपटीची नवी कड जवळजवळ पूर्ण भरलेली दिसली.

वाऱ्याने खोली स्वच्छ केली. फोन वाजला.

“नबात दाखवा.”

दोमलांनी रिकामी परात दाखवली.

“कशानं?”

त्यांनी सांगितले. धूर, तवा, पंप. काही लपवले नाही.

“दृष्ट काढलीत?” ती अगदी हळू म्हणाली. “माशाची?”

“हो.”

“मी आले होते तेव्हा नुसता चहा दिलात.”

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर दोमलांना काही बोलता आले असते. त्यांनी फोन वळवला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या तोंडासमोर धरला. दाढी केलेलीच होती. ओयदीन त्यांच्याकडे पाहत होती, पण टाकीकडे पाहताना पाहायची तशी नाही.

“वाळलात,” ती म्हणाली. “ठेवते.”

रविवारी दोमलांनी दाढी केली, टाकीत पाणी भरले, पंप लावला आणि फोन टाकीला टेकवून उभा केला. बुडबुडे वर येत राहिले; फोन वाजला नाही. संध्याकाळी खोसियत-ओपांनी दारातून विचारले, “दोमला, जेवलात का?”

दोमलांनी फोनकडे पाहिले आणि म्हणाले, “जेवलो.”