आमदारांचा जबाब

सालेकशाच्या बाजारचौकात आमदार योगराज पटले नव्या सुरक्षा कायद्यावर बोलायला उभे राहिले, तेव्हा धुरपता उईके अगदी पुढे बसली होती. तिचा नवरा देवानंद याच कायद्याखाली महिनाभरापासून तुरुंगात होता. कचारगडच्या बाजूला, जंगलाला लागून त्यांचं घर. तिथे बंदूकवाले आले, धाकाने भात रांधून घेतला, खाऊन निघून गेले. देवानंदने ही माहिती दडवली, हा त्याच्यावरचा आरोप.

"देशासाठी असा कायदा लागतोच," योगराज म्हणाले. "निरपराध माणसानं भ्यायचं कारण नाही."

धुरपता उठली. "मंग माह्या नवऱ्याले काऊन नेलं?"

"चौकशी सुरू आहे, बाई."

"दुसऱ्या दिवशी सकाळीच तो तुमच्या घरी आलता. तुमालेच सांगितलं ना त्यानं? आता बोला ना!"

दोन महिला पोलीस तिच्याकडे निघाल्या. निरीक्षक धर्मेंद्र आमदारांच्या कानाशी वाकला. "साहब, बोलो तो इसको भी उठा लेते हैं. मामला उसी कानून में बैठ जाएगा."

योगराजांना ती सकाळ आठवत होती. देवानंद अंगणात उभा राहून रात्रीचं सगळं सांगत होता. आणि ते स्वतः म्हणाले होते, "चूप राह्य. कायले लफड्यात पडून राहिला?"

माहिती दडवणं गुन्हा ठरवणारा हा कायदा त्याआधीच सभागृहात आला होता. मसुदा न वाचता सगळ्यांबरोबर त्यांनीही 'होय' म्हटलं होतं. आता खरं बोललं तर देवानंद सुटेल, पण माहिती दडवणारे ते स्वतः ठरतील.

पोलिसांनी धुरपताचा दंड धरला. ती योगराजांकडे बघत राहिली.

"सोडा तिले!" योगराजांचा आवाज फाटला. भाषणातली मराठी गळून पडली. "देवानंद आलता माह्याकडं. मीच चूप केलं त्याले."

कोणीतरी माइकची वायर ओढली. कार्यकर्ते मंचावर धावले. त्यांना बाजूला सारत योगराज खाली उतरले आणि धर्मेंद्रला म्हणाले, "चला, जबाब घ्या."

ठाण्यात धर्मेंद्रने दार लोटून घेतलं. "साहब, अभी भी सोच लो. इसमें विधायक को छूट नहीं है."

"माहीत आहे. देवानंदले नेलं तेव्हाच कायदा वाचला मी."

"तब से मालूम था?"

योगराजांनी जबाबावर सही केली.

देवानंदला जामीन मिळाला. योगराजांवर गुन्हा नोंदला गेला, पक्षाने त्यांना ओळख दाखवणं सोडलं. एका दुपारी ते एकटेच देवानंदच्या घरी गेले. तो बाहेर आला नाही. धुरपताने पाण्याचा लोटा पुढे केला.

"खरं बोलले, बरं झालं," ती म्हणाली. "पन महिनाभर कायले थांबले?"

"भेव लागला."

"त्यालेबी लागला होता," ती म्हणाली, आणि आत गेली.