दुसरा 'आ'

आधीच सांगतो, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर सांभाळून घ्या, आणि शब्दही माझे साधेच आहेत. अक्षरं माझ्या डोळ्यांसमोर जागा बदलतात, म्हणून सोळाव्या वर्षी शाळा सोडली आणि फियोर्डच्या खाडीकाठच्या ओड्मुनच्या छापखान्यात लाकडी खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायला लागलो. खिळे मुळातच उलटे असतात, त्यामुळे तिथे माझं बरं चालतं.

फेब्रुवारीत ओशिल्ड एक भित्तिपत्रक छापायला घेऊन आली. तिचा भाऊ हाल्वार माझ्या आधी याच टेबलाशी काम करायचा. दोन वर्षांपूर्वी त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं. तेव्हापासून ती चित्रं काढत होती, पण कुणाला दाखवत नव्हती. हे पहिलंच बाहेर पडणार होतं, बोटीच्या धक्क्यावर, दवाखान्यात, दुकानांच्या दारांवर. मोठा पांढरा कागद, तळाशी मदतीचा फोन नंबर आणि मधोमध एकच ओळ, 'मागच्या भेटीसाठी आभार'. ओळखीचं माणूस पुन्हा भेटलं की आम्ही आधी हेच म्हणतो, बहुतेकदा लक्ष भलतीकडेच असताना.

"हे वाचून कुणीतरी कुणाचं तरी दार वाजवावं," ती म्हणाली. "त्या रविवारी मी हाल्वारचं वाजवलं नव्हतं."

मी ओळ जुळवली, शाई फिरवली, पहिला कागद काढला. त्यावर 'सगळ्यासाठी आभार' असं उमटलं होतं. हे आम्ही कुणाला म्हणत नाही. हे थडग्याच्या दगडावर कोरतात.

ओड्मुननं कॉफीचा कप हातात धरून दुरूनच पाहिलं, चष्मा कपाळावरच होता. "तोर्युस, गिऱ्हाईक अजून जिवंत आहे रे."

मी यंत्रावर वाकलो. खिळ्यांची ओळ बरोबर होती. आमच्या भाषेत दोन्ही वाक्यांत शेवटचा शब्द तेवढा वेगळा, पण ओशिल्डच्या ओळीला 'आ' एक पुरतो, थडग्यावरच्या वाक्याला दोन लागतात, आणि त्या मापाचा 'आ' आमच्या खणात एकच आहे. दुसरा हाल्वारच्या वेळेपासून सापडत नव्हता. कागदावर मात्र दोन होते, आणि दुसऱ्याचा पाय उंदरानं कुरतडावा तसा तुटका होता. असा खिळा माझ्या हाताखालून कधी गेला नव्हता.

"पण 'आ' एकच आहे," मी म्हणालो.

"मग मोजणंही चुकतं तुझं. दुसरा कागद काढ."

दुसरा बरोबर आला. त्यानंतरचे चाळीसही. पहिला मी कपाटामागे लपवला.

तीन वाजता ओशिल्ड कागद न्यायला परत आली. एकेका कागदावरून तिनं हात फिरवला. एरवी ओढलेला दिसणारा तिचा चेहरा आज अगदी शांत होता. जाताना तिनं पिशवीतून ब्रशांची पेटी काढून माझ्यासमोर ठेवली. "तुला होतील." मग दारात थांबून म्हणाली, "सगळ्यासाठी आभार, तोर्युस."

दार लागलं. मी ओड्मुनकडे पाहिलं.

"'आजच्यासाठी' म्हणाली ती," तो म्हणाला. "आता तुझ्या कानांनाही शुद्धलेखन शिकवायचं का?"

मीही हसलो. त्याची अजून लाज वाटते. पेटीतले ब्रश धुऊन, पुसून, मापानुसार लावलेले होते. संध्याकाळी फोन दोनदा उचलून ठेवला, तिसऱ्यांदा लावला. "झोपतेय रे, उद्या बोलू," ती म्हणाली, आणि मी बरं म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर गेलो नाही. आदल्या दिवशी घरी आणलेलं एक भित्तिपत्रक गुंडाळून काखेत घेतलं, बर्फाचा चढ चढून तिच्या घरी गेलो आणि दार वाजवलं. तिनं कोट घालूनच दार उघडलं. कोट हाल्वारचा होता.

"मागच्या भेटीसाठी आभार," मी म्हणालो.

मग चढभर घोकत आणलेलं वाक्य मी बोललो. "ओशिल्ड, मरायचा विचार करते आहेस का?"

तिनं माझ्या बुटांवरच्या बर्फाकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. आणि मग, "आत ये. बूट काढ."

मी स्वयंपाकघरात भित्तिपत्रक उलगडून तळाचा नंबर एकेक आकडा दोनदा तपासून वाचला, आणि ती तो लावत गेली. ती बोलत असताना मी तिच्यासमोर बसून राहिलो. तेव्हा टेबलावर पावाशेजारी तो दिसला, लाकडी 'आ', तुटक्या पायाचा.

तिनं फोनवर हात ठेवला. "या कोटाच्या खिशात होता. दोन वर्षांत आज पहिल्यांदाच हात घातला."

मी तो उचलला. शाई ओली होती. माझा अंगठा काळा झाला.