फुंकरमहाराजांचं तीर्थ

रिठदच्या पुंजाजींच्या अंगणात त्या दुपारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. फुंकरमहाराजांनी नितळ तीर्थाचा काचेचा पेला उंच धरून सगळ्यांना दाखवला. पुंजाजींच्या मुलाने, राजूने, पपईच्या पानाच्या पोकळ देठातून त्यात फुंकर मारली. बुडबुडे आले, पण पाणी नितळच राहिलं.

"पोरगं साफ हाय!" महाराजांनी निकाल दिला. मग झोळीतल्या बाटलीतून दुसरा पेला भरून त्यांनी राजूच्या बायकोपुढे धरला. रूपालीला धाप लागली होती. तिने कसंबसं फुंकलं आणि पाणी दुधासारखं पांढरं झालं.

"बाबो!" अख्खं अंगण एका तोंडाने म्हणालं.

"हडळ हाय हडळ!" महाराज गरजले. "दरसाल सोयाबीन निंगालं का वाऱ्यावर बसून येते अन् हिच्या छातीत घर करते. वाराच बंद करा, मंग येईन कुठून?"

हडळीला सोयाबीनचा हंगाम बरोबर कळत होता. बाजारभाव तेवढा कळत नसावा, नाहीतर ती या भागात फिरकलीच नसती.

रूपालीच्या सासूबाई गोजराबाई यांनी लगेच घर मंत्राने बांधून घेतलं. खिडकी शेणामातीने लिंपली, उंबऱ्यावर खिळे टोचलेलं लिंबू ठेवलं, आत गुग्गुळाची धुनी पेटवली. रिसोडच्या डॉक्टरांनी दिलेला दम्याचा पंपही गेला. "यंत्राची हवा न् मंत्राची हवा एका छातीत राह्यत नाई," असं महाराजांनी बजावलं होतं, म्हणून तो देव्हाऱ्यात मूर्तीमागे ठेवला गेला. सुगी संपेपर्यंत रूपालीने खोलीबाहेर यायचं नव्हतं.

खोली कसली, खुराडंच ते. भिंतीपलीकडच्या कोठीत यंदाचं कुटार, म्हणजे सोयाबीनचा भुसा, ठासून भरलेलं. टिनाखालच्या फटीतून त्याची धूळ तिच्या गोधडीवर झरायची, आणि खालून धुनीचा धूर. श्वास आत जाईना, गेलेला बाहेर येईना. तिला भीती वाटत होती, आणि भीतीहून जास्त राग येत होता.

"जराशी कळ काढ," दाराबाहेरून राजू म्हणाला. "मायचा लई जीव लागून हाय तुह्यात."

"अन् माह्या जिवाचं काय?"

 राजूने दाराची कडी काही काढली नाही.

उशाशी वाटीत महाराजांच्या त्या बाटलीतलं उरलेलं तीर्थ ठेवलं होतं. सकाळी रूपालीने पाहिलं, तर त्यावर पांढरी साय धरली होती. त्यात तर कुणीच फुंकलं नव्हतं! ही साय तिच्या ओळखीची होती. दिवाळीच्या रंगासाठी परसात चुना भिजत घातला होता, त्याच्या निवळीवर, वरच्या नितळ पाण्यावर, अशीच साय यायची. शाळेत बाईंनी नळीने फुंकून निवळी पांढरी करून दाखवली होती, तेही तिला आठवलं.

संध्याकाळी हडळ गेली का ते तपासायला महाराज पुन्हा आले, मागोमाग गावही आलं. रूपालीला दारापर्यंत आणलं. ती चौकट धरून, सासूकडे पाहत म्हणाली, "महाराज, आज माह्या पेल्यात पहिले मामीले फुंकू द्या."

"थे फक्त तुह्यासाठी मंतरलं हाय."

"मामी साफ असन तं पाणी साफ राहीन. तुमाले भेव कायचं?"

गर्दीला हे पटलं. सुनेचा आगाऊपणा उतरवायचाच, म्हणून गोजराबाईंनी देठ हिसकावला आणि जोरात फुंकलं. पाणी पांढरं झालं.

गोजराबाईंनी पेला हातात घेऊन उजेडात धरला. महाराज मात्र डगमगले नाहीत. "पसरली! सासूलेही धरलं! हिलेही कोंडा!"

"मले?" गोजराबाईंनी त्या खोलीकडे पाहिलं. दारातून येणारा धूर त्यांच्या नाकात गेला आणि त्यांना ठसका लागला. "मी आत्ता वावरातून भारा घेऊन आली. मले साधी शिंक नाई, अन् मले कोंडता?" त्यांनी पेला पुढे केला. "आता तुमी फुंका, महाराज."

महाराज झोळी आवरू लागले.

"राजू, परसातली चुन्याची निवळी आण," रूपाली म्हणाली. त्याने पेला भरून आणली आणि तिच्यात फुंकलं. काल साफ ठरलेल्या राजूच्या श्वासानेही पेला पांढरा झाला. मग पुंजाजींनी फुंकलं, पुन्हा तेच.

उंबऱ्यावर टेकून, थांबत थांबत रूपालीने सांगितलं. "सगळ्याइच्याच श्वासातून वायू बाहेर येते. थो निवळीले पांढरं करते. काल राजूले साधं पाणी देल्लं व्हतं, मले निवळी. माह्या छातीत हडळ नाई, मामी. कुटाराची धूळ हाय."

तोवर महाराज जीपमध्ये बसले होते. गोजराबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी देव्हाऱ्यातून पंप आणून सुनेच्या हाती दिला आणि विळ्याने खिडकीची माती खरवडायला घेतली. डोळे मात्र त्या पुसत राहिल्या.

धुळीला मंत्र कळत नाही. मळणी झाली की कुटार घरापासून लांब हलवा, गोधड्यांना ऊन दाखवा, झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. मळणीयंत्र चालू असेल तेवढा वेळ खिडकी लावा, थांबलं की उघडा. डॉक्टरने दिलेलं औषध हाताशी असू द्या. माणसाचा श्वास कोंडून कुणी बरं होत नाही. आणि तुमच्या दारी कुणी तीर्थाचा पेला घेऊन आला, तर आधी त्यालाच फुंकायला सांगा.