पाटाखालचा ड्यूटेरॉन

अशी कल्पना करा, की तुम्ही जमिनीवर मांडी घालून बसला आहात. समोर चार विटांवर एक पाट ठेवलाय. त्याच्याखाली काहीतरी आहे, पण वाकून बघायचं नाही. हातात गोट्या आहेत. गोटी पाटाखाली सोडायची आणि ती कुठून बाहेर येते तेवढंच पाहायचं. भोवती रांगोळी पसरलेली आहे, तिच्यात गोटीची वाट उमटते. त्या वाटांवरून आत काय आहे ते ओळखायचं.

शास्त्रज्ञ ड्यूटेरॉन, म्हणजे जड हायड्रोजनच्या अणूचा गाभा, असाच ओळखतात. एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन, दोघांचीच जोडी, एकमेकांना जरा सैल धरून असलेली. ती डोळ्यांना कधीच दिसत नाही. म्हणून तिच्यावर इलेक्ट्रॉन सोडतात आणि ते कुठे किती वळले ते टिपून ठेवतात. न पटणारेसुद्धा टिपतात.

मुकुंदवाडीत सोमनाथ सर रविवारी मुलांकडून असले प्रयोग करून घेतात. त्या दिवशी एका पाटापाशी मुबश्शिरा आणि तनुजा बसल्या होत्या. दोघी आठवीतल्या, पहिलीपासूनच्या मैत्रिणी. सरांनी बजावलं होतं, "उत्तर एकदाच सांगायचं. मग मी पाट उचलणार."

मुबश्शिराला सगळ्यांच्या आधी उत्तर द्यायचं होतं. ती समोरून गोट्या सोडत होती. मधली आपटून परत येई, कडेच्या सरळ निघून जात.

"आत एकच गोल वस्तू आहे," ती म्हणाली. "झालं."

तनुजा उठून पाटाच्या बाजूला जाऊन बसली. तिथून तिनं गोटी सोडली. ती कशालाही न लागता पलीकडून बाहेर पडली.

"बघ, मधून आरपार गेली."

"नेम चुकला तुझा."

"मधोमध सोडली मी."

"तुझं मधोमध म्हणजे गुलमंडीच्या गर्दीतली रिक्षा. जागा दिसंल तिकडं घुसती."

तनुजा हसली. "शास्त्रात बाजूनं बघायला मनाई हाय व्हय?" तिनं आणखी एक सोडली. तीही आरपार गेली.

मुबश्शिरानं तळहातानं त्या दोन्ही वाटा पुसल्या आणि रांगोळी सारखी केली. "चुकीच्या खुणा ठेवल्या तर आपलंच उत्तर बिघडंल." मग तिनं सरांना हात केला.

तनुजानं उरलेल्या गोट्या मुबश्शिराच्या ओंजळीत ठेवल्या.

सरांनी मुबश्शिराचं उत्तर ऐकून घेतलं आणि पाट उचलला. खाली स्टीलच्या दोन वाट्या पालथ्या होत्या, एकीमागे एक, मध्ये वीतभर अंतर. समोरून पाहिलं तर पुढची वाटी मागचीला झाकत होती.

"बाजूनं कुणीच सोडली नाही का गं?" सरांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

तनुजानं मैत्रिणीकडं पाहिलं. मुबश्शिरानं खाली, सपाट रांगोळीकडं पाहिलं.

"नाय सर," मुबश्शिरा म्हणाली.

तनुजा चपला घालून निघून गेली. पुढच्या रविवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. शाळेत बोलायची, पण विचारलं तेवढंच.

शेवटी एका रविवारी मुबश्शिरानं सरांना सगळं सांगितलं आणि विचारलं, "वाट्या परत तशाच ठेवून मी बाजूनं सोडू का?"

"सोड की. खुणा उमटतील," सर म्हणाले. "पण आत काय आहे ते आता तुला ठाऊक आहे. ठाऊक नसताना तनुजाला जे दिसलं होतं, ते आता कुणालाच दिसायचं नाही."

मुबश्शिरा वर्गाकडं वळली. सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, "त्या दिवशी तनुजाला बरोबर सापडलं होतं. मी ते पुसलं, आन् सरांशी खोटं बोलले."

तिनं सायकल काढली आणि पुंडलिकनगरला गेली. दार तनुजाच्या आईनं उघडलं.

"ती मामाकडं गेलीय बाई. कधी येईल, काय सांगावं?"

"चालंल, काकू," मुबश्शिरा म्हणाली आणि बाहेरच्या पायरीवर बसून राहिली.